एसपीसी फ्लोरिंग सांध्यावर वर येतंय? स्क्रू मारण्याआधी हे तपासा

या फ्लोरिंगची तक्रार बहुतेक नवतप्यात येते. दिवाळीला बसवलेल्या लाकडी रंगाच्या पट्ट्या मे महिन्यात खोलीच्या मधोमध तंबूसारख्या उभ्या राहतात. पाय ठेवला की टक् करून खाली बसतात, पाय उचलला की पुन्हा वर. मग कोणीतरी त्या जागी स्क्रू मारतो, नाहीतर सिलिकॉन भरतो, आणि आठ दिवसांत दोन हात पलीकडे नवा तंबू उभा राहतो. पट्टी जिथं वर येते तिथं बहुतेक वेळा दोष नसतोच. ती कुठंतरी काठाला अडकलेली असते. ती जागा सापडेपर्यंत मधोमध काहीही केलं तरी ते वाया.

कारण समजायला पट्टीची जात माहीत हवी. दुकानात कोणी याला एसपीसी म्हणतं, कोणी हायब्रिड. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेला कडक गाभा, त्यावर लाकडाच्या छपाईचा थर, त्यावर पारदर्शक घासथर आणि बऱ्याच पट्ट्यांना खालून फोमचं अस्तर चिकटवलेलं. पाण्यानं हा गाभा फुगत नाही, उष्णतेनं मात्र वाढतो. आपल्याकडं मेमध्ये अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या पुढं जातो आणि पौषात नागपूर-गोंदियाकडं पहाटे १० च्याही खाली येतो. एवढ्या फरकात पंधरा फुटांच्या खोलीतलं फ्लोरिंग काही मिलिमीटरनं लांब-आखूड होणारच. पट्ट्या खालच्या फरशीला चिकटवलेल्या नसतात, एकमेकींत अडकवून नुसत्या पसरलेल्या असतात. म्हणजे खोलीभर एकच मोठी चादर. तिला चारही बाजूंनी सरकायला जागा लागते.

आधी लक्षण नीट ओळखा

दुपारी सांधा वर येतो आणि पहाटे जवळजवळ बसतो, तर फ्लोरिंग अडकलंय. दहापैकी बहुतेक घरांत हेच निघतं, आणि पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

ऋतू कोणताही असो, ठरावीक जागी पाय दबतो आणि कटकट आवाज येतो, तर खालचा कोबा किंवा फरशी सपाट नाही.

थंडीत पट्ट्यांच्या आखूड बाजूला फट पडते, नख आत जातं. तिथं लॉक, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवणारी खाच, तुटलंय, किंवा फ्लोरिंग एका टोकाला वजनाखाली दाबलंय आणि आकसताना दुसरीकडून ओढलं जातंय.

सांध्यावर पाय दिला की पाण्याचा बारीक थेंब वर येतो, कुबट वास येतो, भिंतीकडच्या सांध्यांत पांढरी पापडी धरते. खाली ओल आहे.

पट्टीच्याच कडा जाड होऊन उलल्या, छपाईचा थर सुटला, तर ते एसपीसी नाहीच. एसपीसी म्हणून लॅमिनेट, म्हणजे लाकडी भुशाच्या गाभ्याची पट्टी, गळ्यात मारलेलं आहे.

पायपुसण्याच्या मापाचा पिवळा डाग पडलाय, तर तो रबराचा. पुसून जात नाही, पट्टी बदलावी लागते.

आणि खोलीचा मधला भाग घमेलं पालथं घातल्यासारखा उंच झाला, सोबत भिंतीला तिरपे तडे, दार घासायला लागलं, तर फ्लोरिंगला हात लावू नका. शेवटच्या भागात सांगितलेलं आधी वाचा.

फुकटची तपासणी: खडू, घड्याळ आणि एटीएम कार्ड

वर आलेल्या प्रत्येक सांध्याभोवती खडूनं गोल करा. दुपारी तीन वाजता आणि पहाटे पाच वाजता, दोन्ही वेळी उंची बघा. मोजपट्टी लागत नाही. एक सरळ काठी सांध्यावर आडवी ठेवा आणि एका बाजूला काठीखाली किती एटीएम कार्डं मावतात ते मोजा. एक कार्ड म्हणजे पाऊण मिलिमीटर, चार कार्डं म्हणजे तीन मिलिमीटर, मिस्त्रीच्या भाषेत एक सूत. दुपारी चार कार्डं आणि पहाटे एक, असं निघालं तर उष्णतेचा मामला पक्का. दोन्ही वेळेला तेवढंच निघालं तर खाली खडा, उंचवटा किंवा ओल शोधायची.

ही मोजणी टाळू नका. हिच्यावरून पुढचा सगळा रस्ता ठरतो, आणि चुकीच्या निदानावर फ्लोरिंग उचकटलं की निम्मे लॉक तुटतात.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट. काचेच्या खिडकीतून किंवा उघड्या दारातून ऊन थेट कुठं पडतं ते बघा. दुपारी उन्हातल्या पट्टीवर अनवाणी पाय ठेवा आणि मग सावलीतल्या पट्टीवर. उन्हातली पोळत असेल आणि तंबू त्याच पट्ट्यात असेल, तर जाड पडदा लावून दोन दिवस थांबा. पुष्कळदा एवढ्यानंच पट्ट्या खाली बसतात. तरी काठ तपासाच. पडद्यानं वाढ कमी होते, अडकलेली जागा मोकळी होत नाही.

वजन हलवा

चादर एका बाजूला दाबून ठेवली तर ती फक्त दुसऱ्या बाजूला सरकू शकते. दोन्ही बाजूंना दाबली तर मधूनच वर येणार. समोरासमोरच्या भिंतींना एकीकडं लोखंडी कपाट आणि दुसरीकडं धान्याची कोठी, ही मांडणी म्हणजे तंबूला आमंत्रण. पलंग, दिवाण, खुर्च्या, टीव्हीचं टेबल यांनी काही होत नाही.

खरा घोळ पिकाचा. भाव येईपर्यंत सोयाबीनची पोती भिंतीशी थरावर थर लावून ठेवली जातात, कापसानं तर अख्खी खोली भरते. वीस-पंचवीस क्विंटल कापूस म्हणजे दोन-अडीच टन. एवढ्या वजनाखाली हे फ्लोरिंग जागचं हलत नाही, आणि कापूस अर्ध्याच खोलीत असेल तर उरलेल्या अर्ध्या भागातले सांधे ओढले किंवा ढकलले जातात. वर गंजी रचायला माणसं तिच्यावर चढतात, उड्या मारतात, ते वेगळंच. ज्या खोलीत माल साठतो तिथं हे फ्लोरिंग बसवूच नये. कोबा नाहीतर साधी टाइल बरी. हाच नियम टिनाच्या छपराच्या खोलीला आणि उघड्या ओसरीला. पट्टीच्या खोक्यावर वापराच्या तापमानाची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात टिनाखालची खोली ती सहज ओलांडते, मग वॉरंटीवरही बोलायला जागा राहत नाही.

आत्ता तपासणीपुरतं एका बाजूचं वजन काढा, दोन दिवस थांबा, पुन्हा कार्डं लावा.

बादलीतली चाचणी

बसवताना उरलेला एक तुकडा घ्या. कापलेल्या कडेचा गाभा बघा. करडा, दगडासारखा आणि जड असेल तर एसपीसी. तपकिरी, भुशासारखा असेल तर लॅमिनेट. तरी खात्री वाटत नसेल तर तुकड्याच्या कडेवर पेनानं खूण करून जाडी मोजा, बादलीत बुडवून वर दगड ठेवा, दुसऱ्या दिवशी परत मोजा. एसपीसी तेवढंच राहतं, लॅमिनेटची कड बोटाला लागेल इतकी फुगते. लॅमिनेट निघालं आणि कडा आधीच फुगल्या असतील तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, फुगलेली पट्टी परत बसत नाही. दुकानदाराकडं बिल आणि हा भिजलेला तुकडा दोन्ही घेऊन जा.

उरलेले तुकडे चुलीत घालू नका. यात पीव्हीसी आहे, जळताना निघणारा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, तो विषारी असतो.

स्कर्टिंग काढा, पेन्सिल घाला

इथं बहुतेक दोष सापडतो, म्हणून घाई नको. पण त्याआधी एक. फ्लोरिंग वॉरंटीत असेल तर सगळ्या सांध्यांचे फोटो, खडूच्या खुणांसकट काढून दुकानात कळवा. एकदा आपण कटर चालवला की पुढं कोणी ऐकत नाही.

मिस्त्रीला फोनवर विचारायचा प्रश्न एकच: “भाऊ, स्कर्टिंग भिंतीत ठोकली का पट्टीत?” उत्तरावर विसंबू नका, उठलेल्या सांध्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या भिंतींची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली उभी पट्टी, काढून बघा. दिशा महत्त्वाची आहे. तंबू उत्तर-दक्षिण सांध्यावर असेल तर ढकल पूर्व-पश्चिम भिंतींकडून येते. चारही बाजू फोडायची गरज नसते.

पट्टी आणि भिंत यांच्यात तीन सूत, म्हणजे नऊ-दहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. शाळेतली साधी पेन्सिल सात मिलिमीटर जाड असते. ती उभी धरून फटीत सहज गेली पाहिजे आणि थोडी हललीही पाहिजे. भिंतीभर दर एक फुटावर घालून बघा, कारण गावाकडच्या भिंती ओळंब्यात असतात पण गुण्यात क्वचित. एका कोपऱ्यात चार सूत आणि दुसऱ्या कोपऱ्यात शून्य, असं सर्रास निघतं.

फट दिसते पण मोकळी नसते, हा प्रकार त्याहून फसवा. गिलाव्याचा माल आत पडून घट्ट झालेला असतो. कुठं पांढऱ्या सिमेंटनं नीटनेटकी भरून टाकलेली असते, कारण टाइल बसवणाऱ्या माणसाला उघडी फट बघवत नाही. कुठं बसवताना लावलेल्या लाकडी पाचरी तशाच राहून जातात. जुना ब्लेड आडवा धरून सगळी फट खरवडून काढा, आतला चुरा झाडूनं नव्हे, व्हॅक्युमनं किंवा पातळ ब्रशनं बाहेर घ्या.

एवढ्यावर सापडलं नाही तर या जागा बघा. चौकटीचा पाय: पट्टी चौकटीला कापून टेकवलेली असते, चौकटीखाली सरकवलेली नसते. नळाचा पाइप: भोवतीचं भोक पाइपाच्या मापाचंच असतं, ते पाइपापेक्षा वीस मिलिमीटरनं मोठं हवं. दाराचा स्टॉपर: पट्टीतून आरपार खालच्या कोब्यात स्क्रू. हा एकटा स्क्रू अख्खी खोली अडकवतो, आणि त्यावर कोणाचं लक्ष जात नाही. कडप्प्याचा उंबरठा. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे पाय फ्लोरिंगवर घेऊन वरून भिंतीला आवळलेले.

अडकलेला काठ सापडला की भिंतीपासून दहा मिलिमीटरवर पेन्सिलची रेघ मारा आणि तेवढी पट्टी कापून काढा. सर्वांत सोपं हत्यार म्हणजे मल्टीटूल, सपाट पातं लावून. अँगल ग्राइंडरनंही होतं, पण तो भिंतीत आणि खाली खोल जातो, धुरळा घरभर करतो. फरशीखालून वायर गेली असण्याची शक्यता असेल तर मेन बंद करून मगच कापा. धूळ चुनखडी आणि प्लास्टिकची आहे, नाकाला मास्क लावा. पट्टीच्या जाडीपेक्षा खोल जाऊ नये म्हणून पात्यावर टेपची खूण करा.

काठ मोकळा झाला की काही वेळा पट्ट्या डोळ्यांदेखत सरकतात. बहुतेकदा एक-दोन दिवस लागतात. त्या काळात तंबूवर हलकं वजन चालेल, पाण्यानं भरलेला डबा वगैरे. हातोडी मारू नका. गरम हवा, ब्लो टॉर्च अजिबात नाही. पूर्ण बसल्यावर स्कर्टिंग परत लावताना खिळा किंवा चिकटद्रव्य भिंतीत जाईल, पट्टीत नाही, आणि स्कर्टिंगच्या खाली एक कागद सरकेल एवढी ढील ठेवा.

दारातून सलग गेलेलं फ्लोरिंग

दोन खोल्यांना एकच चादर, मधे दाराच्या अडीच-तीन फुटांच्या चिंचोळ्या गळ्यातून गेलेली. दिसायला छान, पण दोन्ही खोल्या वेगवेगळ्या दिशेनं ओढतात आणि गळ्यातला सांधा फाटतो किंवा उठतो. काठ मोकळे असूनही त्रास दाराजवळच असेल तर दाराच्या मधोमध, दार लावल्यावर झाकेल अशा ओळीत, फ्लोरिंग आडवं कापून वीसेक मिलिमीटरची फट करा आणि ती झाकणारी इंग्रजी T च्या आकाराची टी-पट्टी बसवा. टी-पट्टीचा पाय खालच्या कोब्यात स्क्रूनं धरायचा. फ्लोरिंगच्या पट्टीत स्क्रू गेला तर नवीन अडकण आपणच तयार केली. एका सलग खोलीतही लांबी फार असेल तर मधे तोडावं लागतं. किती फुटांवर ते कंपनीप्रमाणं बदलतं, खोक्यातल्या पत्रकात दिलेलं असतं.

ओल: कूलर, माठ आणि खालची जमीन

एसपीसीला पाणी बाधत नाही, हे विकणारा सांगतो ते खरंच आहे. पण खाली गेलेलं पाणी बाहेर निघायला वाट नसते. ते तिथंच कुजतं, बुरशी धरतं, फोमचं अस्तर काळं पडतं.

आधी वरचं पाणी बघा, कारण ते थांबवणं स्वस्त. खिडकीतल्या कूलरचे थेंब भिंतीवरून स्कर्टिंगमागं उतरतात. ते काठाच्या फटीतून सरळ फ्लोरिंगखाली जातात. कूलर थोडा बाहेर झुकता ठेवा आणि खिडकीच्या खालच्या काठाला बाहेर उतार द्या. माठ आणि रांजण पाझरतात, तेच त्यांचं काम. तिवईखाली काठाची परात हवी, आणि ती रोज रिकामी करायला हवी. न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळ भिंतीची फट सिलिकॉननं बंद केलेली चालते, पण मधे फोमची दोरी भरून, म्हणजे सिलिकॉन मऊ राहतं आणि पट्टीला हलू देतं.

मग खालचं पाणी. एका कोपऱ्यातल्या दोन-तीन पट्ट्या काढून उघड्या कोब्यावर दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक पसरा, चारही कडा रुंद टेपनं हवाबंद चिकटवा, एक दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला दहिवर धरलं किंवा कोबा काळसर पडला, तर ओल जमिनीतून येते. ही चाचणी मे महिन्यात करून खूश होऊ नका. मृग लागल्यावर, शक्यतो श्रावणात, परत करा. जोत्याखाली ओल रोखणारा थर नसलेली जुनी घरं उन्हाळ्यात खडखडीत कोरडी असतात आणि पोळ्यापर्यंत पार भिजतात.

ओल किरकोळ असेल तर फ्लोरिंग उचलून खाली २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, जोडावर आठ इंच चढवून आणि भिंतीवर दोन इंच वर घेऊन, टाकता येतो. वाफ यानं थांबते. दाबानं वर येणारं पाणी थांबत नाही, ते बाजूला सरकून भिंतीतून निघतं. नवा कोबा असेल तर आणखी एक घोटाळा: २८ दिवसांत तो मजबूत होतो, वाळलेला असतोच असं नाही. इंचभर जाडीला महिनाभर हा ढोबळ हिशेब ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

पट्ट्या उचलून खालचा तळ

हे कष्टाचं काम आहे. पट्ट्या थंडीच्या पहाटे काढू नका. गारठ्यात पीव्हीसी ठिसूळ होतं आणि लॉकचे ओठ तुटतात. दुपारी, खोली उबदार असताना काढा. भिंतीकडच्या रांगेपासून सुरुवात करा. आख्खी रांग लांब बाजूनं वीस-पंचवीस अंशांत तिरपी उचलली की सुटते. मग रांगेतल्या पट्ट्या एकमेकींपासून जमिनीवरच आडव्या सरकवून वेगळ्या करा, आखूड बाजू कधी उचकू नका. प्रत्येकीच्या पाठीवर टेप लावून नंबर टाका, १-१, १-२, २-१ असे. हा आळस केला तर परत बसवताना दुप्पट वेळ जातो.

तळावर सहा फुटी ॲल्युमिनिअमची पट्टी चहूकडं फिरवा. खाली कुठंही एक सुतापेक्षा, म्हणजे चार कार्डांपेक्षा जास्त पोकळी नको. शहाबादी फरशीवर बसवलं असेल तर जवळजवळ प्रत्येक सांध्याला हा प्रश्न असतो. दगडाची कड वर, सांधा खाली. उंचवटे ग्राइंडरनं घासा, खळगे सिमेंटच्या लेव्हलिंग कंपाउंडनं भरा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढं वाळू द्या. खळग्यात पुठ्ठा, वाळू, जुना फोम भरणं हा सगळ्यात जास्त दिसणारा जुगाड. महिनाभर टिकतो, मग कटकट परत. पट्टीला अस्तर आधीच चिकटवलेलं असेल तर वरून आणखी मऊ फोम टाकू नका. पायाखाली गुबगुबीत लागतं खरं, पण प्रत्येक पावलाला लॉक वाकतो आणि शेवटी तुटतो.

तुटक्या ओठाची पट्टी फेविकॉलनं जोडून परत घालू नका. टाकून द्या, नाहीतर कापून कडेच्या रांगेत वापरा.

परत बसवताना पहिल्या रांगेचा हिशेब आधी करा. उदाहरणार्थ खोली १२ फूट रुंद, म्हणजे ३६५८ मिलिमीटर. दोन्हीकडची फट वीस वजा केली की ३६३८. पट्टी १८० ची असेल तर वीस रांगा पूर्ण आणि शेवटी ३८ मिलिमीटरचा काप उरतो. एवढा अरुंद काप लॉकमध्ये टिकत नाही, उन्हाळ्यात पहिला तोच उठतो. त्याऐवजी १९ रांगा पूर्ण ठेवा, उरलेले २१८ दोन्ही टोकांना १०९-१०९ वाटून द्या. लागून असलेल्या रांगांचे आखूड सांधे एकमेकांपासून किमान एक फूट लांब ठेवा. जिन्यासारखे किंवा एका रेषेत आले तर तिथून फाटतं. नव्या पट्ट्या आणल्या असतील तर त्या त्याच खोलीत ४८ तास आडव्या पडू द्या. उन्हात उभ्या टेम्पोतून उतरवून लगेच बसवल्या की गरम पट्ट्या बसतात आणि रात्री आकसतात. माल मोजताना १० टक्के जास्त धरा: १२ बाय १४ च्या खोलीला १६८ चौरस फूट लागतात, तर १८५ घ्या. १२२० बाय १८० च्या पट्टीचा विचार केला तर त्या साधारण ७९ होतात.

नवीन घेणार असाल तर जाडीपेक्षा घासथर विचारा. झोपायच्या खोलीला ०.३ मिलिमीटर चालतो, शेतातून पाय येतात त्या बैठकीला ०.५ घ्या.

पुसण्याबद्दल थोडक्यात: बाहेर खरखरीत पायपुसणं, कारण चपलेतले खडे घासथराला पॉलिश पेपरसारखे. आत रबरी पाठीची मॅट नको, सुती सतरंजी चालते. फडकं घट्ट पिळून. फिनेल पातळ करून, जाड टाकलं की चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. संडासात वापरायचं ॲसिड एकदाही नाही. कापलेल्या कडेवर ते चुनखडीच्या गाभ्याशी लागून फेसाळतं आणि कड खातं. वाफेचा पोछाही नको.

इथं थांबा, माणूस बोलवा

काळ्या मातीवरचं जोतं हललं असेल तर हे आपलं काम नाही. अमरावती, यवतमाळ, वर्धा, अकोला, बुलडाणा, वाशिमच्या काळ्या जमिनी पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात उलतात. वर बांधलेलं जोतं हलकं असेल तर ते तिच्यासोबत उठतं-बसतं. पन्हाळीचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतं का, न्हाणीचं पाणी जोत्याला लागून जिरतं का, मोठं झाड भिंतीजवळ आहे का, हे तुम्ही बघू शकता. पाणी जोत्यापासून लांब काढून भोवती दोन-तीन फुटांची उताराची फरशी करणं, एवढं गावातला गवंडी करतो. पण भिंतीचा तडा चार कार्डांपेक्षा रुंद असेल, किंवा वाढतोय अशी शंका असेल, तर तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा, बाजूला तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. मग सिव्हिल इंजिनिअर, आणि तोपर्यंत फ्लोरिंगवर एक रुपयाही खर्च करू नका.

प्लास्टिकखाली नुसतं दहिवर नाही, पाणीच साचतं आणि मोटर बंद असताना कमी होतं, तर पाइप फुटलाय. प्लंबर. फ्लोरिंग कापताना वायर लागली किंवा ओल्या फरशीवर झिणझिणी आली, तर मेन पाडून बाहेर या. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या खोलीत पाय नाही. चौकटीच्या पायाशी मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. ती एसपीसी खात नाही, पण खालून चौकटीकडं जाते, आणि तिचं औषध पट्ट्या परत बसवण्याआधी मारून घ्यावं लागतं.

काठ मोकळे, वजन हललेलं, तळ सपाट, कोबा कोरडा, आणि तरीही दुपारचा तंबू येतोच, तर पट्टीचा माल निकृष्ट असू शकतो. तेव्हा बसवणाऱ्याला नव्हे, ज्यानं माल विकला त्याला बोलवा, आणि त्याच्यासमोर पहाटेची आणि दुपारची मोजणी ठेवा. त्यासाठी खोक्यावरचं बॅच नंबरचं लेबल फाडून बिलासोबत टाचून ठेवलेलं हवं. उरलेल्या चार-पाच पट्ट्या दिवाणाखाली आडव्या ठेवा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर एका उन्हाळ्यात त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि मग कुठल्याच सांध्यात बसत नाहीत.